हापूसची कलमं पाच वर्षांच्या कराराने: आज सहा लाख, की दरवर्षी दीड लाख?

कलमवाला_देवगड

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात हापूसची उत्पन्न देणारी ६० कलमं आहेत. पाच हंगाम कराराने द्यायची आहेत. व्यापाऱ्याने दोन पर्याय ठेवलेत:

पहिला, आत्ता जूनमध्ये एकरकमी ६,००,००० रुपये.
दुसरा, दरवर्षी १,५०,००० रुपये, पाच वर्षं. पहिला हप्ता पुढच्या जूनमध्ये, हंगाम आटोपल्यावर. एकूण ७,५०,०००.

घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो दीड लाख जास्त मिळतायत ते का सोडायचे, दुसरा म्हणतो हातात आले ते आपले. बँकेत मुदत ठेवीवर ७ टक्के मिळतील असं धरू. हिशेब नक्की कसा मांडायचा? नुसतं सूत्र नको, पायऱ्या हव्यात.

आणखी एक. मुलीच्या शिक्षणासाठी पोस्टाच्या आरडीत महिना ५,००० टाकले तर पाच वर्षांनी किती होतील? आमच्याकडे पैसा वर्षातून एकदाच येतो, हेही लक्षात घ्या.

जमाखर्च

दादा, पुढे मिळणारा प्रत्येक हप्ता आजच्या रुपयांत आणायचा आणि मग बेरीज करायची. वेगवेगळ्या सालचे रुपये तसेच एकत्र मिळवले की ७,५०,००० दिसतात, त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आजची किंमत = पुढची रक्कम ÷ (१ + दर)^वर्षे. दर ७ टक्के असेल तर एका वर्षानंतरचा हप्ता १.०७ ने एकदा भागायचा, दोन वर्षांनंतरचा दोनदा, असं पाचव्यापर्यंत.

१ वर्षानंतर: १,४०,१८७
२ वर्षांनंतर: १,३१,०१६
३ वर्षांनंतर: १,२२,४४५
४ वर्षांनंतर: १,१४,४३४
५ वर्षांनंतर: १,०६,९४८
बेरीज: ६,१५,०३०

म्हणजे हप्त्यांची आजची किंमत ६,१५,०३०, आणि समोर ६,००,०००. घरात ज्या दीड लाखावरून वाद चाललाय तो खरा १५,०३० रुपयांचा आहे.

दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवरही हे होतं. 'जीटी' (ग्रँड टोटल, उत्तरांची बेरीज ठेवणारं) बटण असलेला घ्या. आधी एसी दाबून जीटी रिकामी करा. मग १ ÷ १.०७ आणि = पाच वेळा. शेवटी जीटी दाबा, ४.१००२ हा गुणक येईल. त्याला १,५०,००० ने गुणा. कॅसिओ असेल तर १.०७ ÷ ÷ १ आणि मग = पाच वेळा. एसी दाबायचं राहिलं तर आधीची बेरीज जीटीत शिल्लक असते आणि उत्तर भलतंच येतं. बहुतेक घोळ तिथेच होतात.

पडताळा उलट बाजूने घ्या. ६,००,००० पाच वर्षं ७ टक्क्यांनी वाढवले तर ८,४१,५३१. प्रत्येक हप्ता आला की बँकेत टाकत गेलात तर पाचव्या जूनला ८,६२,६११. फरक २१,०८०. तो १.०७ ने पाचदा भागा, पुन्हा १५,०३० च येतात. आले नाहीत तर कुठेतरी एक वर्ष जास्त किंवा कमी मोजलंय.

बारकावा: बँक मुदत ठेवीवर व्याज तिमाही चक्रवाढीने देते. ७ टक्के म्हणजे तिमाहीला १.७५, वर्षाचे प्रत्यक्ष ७.१९ टक्के. त्या दराने हप्त्यांची किंमत सुमारे ६,१२,००० होते. निर्णय बदलत नाही, पण आघाडी ३,००० ने घटते.

गडनदी_पार

एवढं कशाला? सहा लाखांवर दीड लाख जादा म्हणजे २५ टक्के. पाच वर्षांत २५, वर्षाला ५ टक्के. बँक ७ देते. सरळ सहा लाख घ्या.

तिमाही_व्याज

गडनदी, वर्षाला ५ टक्के कधी झाले असते? सगळे साडेसात लाख पाचव्या वर्षाच्या शेवटी एकदम मिळाले असते तर, तेही सरळव्याजाने. इथे पहिला दीड लाख एका वर्षात परत येतोय, दुसरा दोन वर्षांत. पैसा सरासरी तीनच वर्षं व्यापाऱ्याकडे अडकतो.

नेमका दर ७.९३ टक्के आहे. स्प्रेडशीटमध्ये 'रेट' हे फंक्शन घ्या: हप्ते ५, हप्ता १५००००, आजची रक्कम उणे ६०००००. उणे चिन्ह विसरलात तर एररच येते, कारण पैसा एकाच दिशेने जाताना दिसला तर त्याला दरच काढता येत नाही. एक रक्कम बाहेर जाणारी आणि एक आत येणारी हवीच.

हा ७.९३ म्हणजे बरोबरीचा दर. सहा लाख तुम्ही ७.९३ पेक्षा जास्त दराने वापरू शकत असाल तर एकरकमी घ्या, कमी असेल तर हप्ते. मग घरातला वाद एका आकड्यावर येतो.

सरासरीची हीच चूक कर्जात उलटी अंगावर येते. होडीच्या इंजिनासाठी किंवा टेम्पोसाठी 'फ्लॅट ९ टक्के' सांगतात ना? ५ लाखांवर पाच वर्षं ९ टक्के म्हणजे व्याज २,२५,०००, हप्ता १२,०८३. मुद्दल दर महिन्याला घटतं, व्याज मात्र पूर्ण ५ लाखांवर धरलेलं. खरा दर १५.७ टक्के पडतो. फ्लॅट दर ऐकलात की हप्ता विचारा आणि दर स्वतः काढा.

दर्यावर्दी

हिशोब बरोबर आसा, पण व्यापारी पैसे कधी देतलो ता आधी इचारा.

कागदावर जून लिहिलेला असतो. पावसाळा जातो, गणपती जातात आणि पैसे दिवाळीला येतात. हा उशीर फुकटचा नाही, तो मोजता येतो. पाच महिने उशीर म्हणजे प्रत्येक हप्त्याला १.०७ च्या ५/१२ घाताने, म्हणजे १.०२८६ ने आणखी भागायचं. ६,१५,०३० ÷ १.०२८६ = सुमारे ५,९७,९००. जूनचे पैसे दरवर्षी दिवाळीला आले, एवढ्यानेच हप्त्यांचा सगळा फायदा जाऊन सहा लाख वरचढ ठरतात. एक रुपयाही न बुडता.

बुडण्याचंही बघा. ६,००,००० ÷ ६,१५,०३० = ०.९७५६. कबूल केलेल्या शंभरातले अडीच रुपये आले नाहीत तरी हप्त्यांचा फायदा संपला. आणि आंब्यात 'यंदा मोहोर गेला, थ्रिप्स पडला, वीस हजार कमी घ्या' हे ऐकावं लागत नाही असं किती वर्षं जातं? एका हप्त्यात वीस हजार सोडलेत की विषय मिटला.

म्हणून बँकेच्या ७ टक्क्यांनी व्यापाऱ्याचा शब्द मोजू नका. काही जण दरच चढवून १२ धरतात. तसं केलं तर गुणक ३.६०४८ आणि हप्त्यांची किंमत ५,४०,७१६. सहा लाखांपेक्षा साठ हजारांनी कमी.

तिमाही_व्याज

दर्यावर्दी, मुद्दा मान्य, पण दर चढवण्याची पद्धत आंधळी आहे. १२ टक्के धरले की पाचव्या हप्त्याची किंमत पहिल्यापेक्षा खूपच खाली जाते, म्हणजे धोका दरवर्षी चढत जातो असं आपण गुपचूप गृहीत धरतो. व्यापारी नवखा असेल तर खरा धोका पहिल्याच हंगामाला असतो. त्यापेक्षा दर ७ च ठेवा आणि प्रत्येक हप्त्यासमोर 'यातले किती नक्की येतील' ते लिहा. दहा टक्के गळती धरली तर ६,१५,०३० चे ५,५३,५२७ होतात. आकडा का खाली आला ते घरच्यांनाही समजतं. दोन्ही एकदम मात्र करू नका. दरही चढवायचा आणि गळतीही कापायची म्हणजे एकाच भीतीचे पैसे दोनदा वजा.

कलमवाला_देवगड

धन्यवाद सर्वांना. एक गोष्ट सांगायची राहिली. सोनेतारण कर्ज आहे ३ लाखांचं, १० टक्क्यांनी, दरवर्षी व्याज भरून नूतनीकरण करतो. एकरकमी घेतले तर आधी तेच फेडणार. मग दर ७ धरायचा की १०?

दुसरं, शीटमध्ये तारखांसह एक्सआयआरआर (तारखांवरून दर काढणारं फंक्शन) लावून बघितलं तर 'व्हॅल्यू' एरर येते. १५/०६ अशाच तारखा घातल्यात.

जमाखर्च

हे आधी हवं होतं दादा. कर्ज असलेल्या माणसाचा दर बँक ठेवीचा नसतो, कर्जाचा असतो, कारण हातात आलेला रुपया १० टक्के वाचवतो. पण तोही कर्ज संपेपर्यंतच. सरसकट १० धरलेत तर गुणक ३.७९०८, किंमत ५,६८,६१८, आणि एकरकमी ३१,००० ने पुढे दिसेल. ते बरोबर नाही, कारण सहापैकी तीनच लाख कर्जात जाणार आहेत, उरलेले बँकेत ७ वरच पडणार.

असं असलं की एका दराने भागायचं सोडून द्या. वर्षागणिक शिल्लक मांडा.

एकरकमी: आज ३ लाखांत कर्ज मिटलं. उरलेले ३ लाख ७ टक्क्यांनी पाच वर्षं, ४,२०,७६६.

हप्ते: पहिल्या वर्षाखेर कर्ज ३,३०,००० झालं, १,५०,००० भरले, बाकी १,८०,०००. दुसऱ्या वर्षाखेर १,९८,००० वजा १,५०,०००, बाकी ४८,०००. तिसऱ्या वर्षाखेर ५२,८०० फेडून हातात ९७,२००. चौथ्या वर्षाखेर ते १,०४,००४ होतात, त्यात हप्ता मिळवून २,५४,००४. पाचव्या वर्षाखेर २,७१,७८४ अधिक १,५०,००० म्हणजे ४,२१,७८४.

फरक १,०१८ रुपये, पाच वर्षांनंतर. त्यात चहापाणीसुद्धा नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत व्याजाचा प्रश्न उरलाच नाही, आता फक्त दर्यावर्दींचा प्रश्न उरला: पैसे वेळेवर आणि पूर्ण येतील का? बरोबरी असेल तर ज्यात कुणाच्या मागे फिरावं लागत नाही ते घ्यावं, माझं मत एकरकमीचं. सोनंही घरी येतं.

एक्सआयआरआरचं: शीटची भाषा अमेरिकन ठेवलेली आहे. त्यात आधी महिना, मग दिवस. १५ वा महिना नसल्यामुळे १५/०६ ही तारीख न राहता नुसता मजकूर होते, म्हणून एरर. तुम्ही नशीबवान, एरर तरी आली. ०५/०६ लिहिलं असतंत तर शीटने ते निमूटपणे ६ मे समजलं असतं आणि चूक कळलीही नसती. सेटिंगमध्ये प्रदेश भारत करा आणि तारखा पुन्हा टाका, जुन्या आपोआप सुधारत नाहीत. आजचे उणे ६,००,००० आणि पुढचे पाच हप्ते तारखेसमोर अधिकमध्ये लिहा. उत्तर ७.९३ च्या आसपास यायला हवं.

वेंगुर्ला_सात

दोनच पर्याय धरून का बसलात? तारीख बदलून बघा.

हप्ते तेच दीड लाख, पण हंगामाआधी. पहिला आत्ता, मग दर जूनला, असे पाच. ७ टक्क्यांनी पहिला पूर्ण १,५०,००० आणि पुढच्या चारांची किंमत ५,०८,०८२, एकूण ६,५८,०८२. नुसती तारीख एक वर्ष अलीकडे आणल्याने ४३,०५२ रुपये वाढले आणि बरोबरीचा दर ७.९३ वरून १२.५९ वर गेला. रेट फंक्शनमध्ये 'प्रकार' या रकान्यात १ घातलात की तोच आकडा येईल, ० म्हणजे वर्षाखेर. एनपीव्ही (आजची किंमत काढणारं फंक्शन) वापरणार असाल तर सावध: ते पहिल्या रकमेलाही एक वर्ष मागे ढकलतं. आजचा हप्ता त्याच्या कंसाबाहेर ठेवून वेगळा मिळवायचा, नाहीतर उत्तर पुन्हा ६,१५,०३० च येतं आणि आगाऊ घेण्यात काही फायदाच नाही असं वाटतं.

जमाखर्च यांच्या पद्धतीने तुमच्या कर्जासकट हे मांडलं तर पाच वर्षांनी ४,९५,७७८ उरतात. एकरकमीपेक्षा ७५,००० जास्त.

दुसरा मार्ग हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवून मागण्याचा: १,५०,०००, १,५७,५००, १,६५,३७५, १,७३,६४४, १,८२,३२६, सगळे हंगामानंतर. ७ टक्क्यांनी किंमत ६,७५,२१८, म्हणजे आगाऊपेक्षाही जास्त. पण दर्यावर्दींच्या १२ टक्क्यांनी बघा: वाढते हप्ते ५,९१,००९ आणि आगाऊ हप्ते ६,०५,६०२. क्रम उलटला. व्यापारी जुना, शब्दाचा पक्का असेल तर वाढ मागा. नवीन असेल तर वाढ सोडा, पैसे आधी मागा. आगाऊमध्ये आणखी एक आहे: त्याने जूनमध्ये पैसे दिले नाहीत तर तुमचा आंबा अजून झाडालाही लागलेला नाही, बाग परत तुमची. हंगामानंतरच्या हप्त्यात आंबा वाशीला विकून झालेला असतो.

हिशेबात न धरलेली एक रक्कम आहे, कल्टारची (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल). कराराने घेणारा जुलै-ऑगस्टमध्ये ते घालणारच. दापोली विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली अशी आहे. पाच वर्षांत जमेल तेवढं काढून घ्यायचंय म्हणून मात्रा वाढवली आणि खत-शेणखत दिलं नाही, तर सहाव्या वर्षी कलमं थकलेली परत मिळतात. सहावा हंगाम पूर्ण गेला असं धरा: १,५०,००० ÷ १.०७^६ = जवळजवळ १ लाख, आजचे. तो दोन्ही पर्यायांत सारखाच वजा होतो, त्यामुळे कोणता निवडायचा ते बदलत नाही. पण मुळात सहा लाख ही किंमत पुरेशी आहे का, ते बदलतं. करारात मात्रा, खतं आणि शेवटच्या वर्षी कल्टार नाही, असं लिहून घ्या.

तिमाही_व्याज

कराचंही एकदा बघून टाकू.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण मुदत ठेवीच्या व्याजावर आहे. त्यामुळे भागायचा दर कर भरल्यानंतरचा हवा. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह २०.८ टक्के गेले, ७.१९ चे ५.६९ उरतात. त्या दराने हप्त्यांची किंमत ६,३७,००० च्या वर जाते. दर घटला की पुढचा पैसा महाग होतो, हे अनेकांना उलटं वाटतं.

दुसरं, नोकरी किंवा धंद्याचं करपात्र उत्पन्न असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न त्यात मिळवून धरतात. सहा लाख एकाच वर्षात दाखवले तर त्या वर्षी बाकीच्या उत्पन्नावरचा कर वाढू शकतो. आधी आपल्या सीएला विचारा.

टीडीएस: बँकेचं व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की कापतात, ज्येष्ठांसाठी १ लाख. सहा लाखांवर पहिल्या वर्षी ४३,००० च्या आसपास व्याज होतं, चौथ्या वर्षी ५३,००० वर जातं आणि कपात सुरू होते. कापला नाही म्हणजे कर लागत नाही असं समजू नका.

आणि रोख घेऊ नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेण्यावर बंदी आहे, दंड घेतलेल्या रकमेएवढा. सहा लाख आरटीजीएसनेच. कराराचा कागद वकिलाला दाखवा; एक वर्षाहून जास्त मुदतीचा जमिनीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि नुसत्या फळांची विक्री ही वेगळी गोष्ट आहे. मजकुरात ते स्पष्ट हवं.

टपालपेटी

आरडी राहिली म्हणून लिहितोय. पोस्टाचा दर सध्या ६.७ टक्के, ऑक्टोबर २०२३ पासूनचा. सरकार दर तिमाहीला आढावा घेतं, पण तुम्ही उघडलेल्या खात्याला पाच वर्षं तोच दर राहतो. ६० हप्ते, चक्रवाढ तिमाही. महिना ५,००० चे मुदतीनंतर ३,५६,८३०, भरलेले ३,००,०००.

शीटमध्ये एफव्हीने (मुदतीनंतरची रक्कम काढणारं फंक्शन) काढताना दोन चुका होतात. ६.७ ला १२ ने भागून महिन्याचा दर काढतात. व्याज तिमाही असल्याने तो १.०१६७५ चं घनमूळ घेऊन वजा १, म्हणजे ०.५५५२ टक्के हवा. या चुकीने ३५० रुपये जास्त दिसतात. मोठी चूक 'प्रकार' ० ठेवण्याची. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातो, म्हणून १ हवा. ० ठेवलात तर ३,५४,८६० येतात, जवळजवळ दोन हजार कमी, आणि मग लोक पोस्टमास्तरांशी वाद घालतात.

आता तुमचा खरा प्रश्न, पैसा एकदाच येतो तो. जूनमध्ये आलेला पैसा बचत खात्यात ठेवून दर महिन्याला काढू नका. पोस्ट आगाऊ हप्त्यांवर सूट देतं: १०० रुपयांच्या हप्त्यामागे सहा महिने एकदम भरले तर १०, बारा महिने भरले तर ४०. तुमच्या ५,००० च्या हप्त्याला बारा महिन्यांचे ६०,००० ऐवजी ५८,००० भरायचे. ही सूट वर्षाला सुमारे साडेसात टक्के पडते, बचत खात्याच्या ४ टक्क्यांपेक्षा पुष्कळ बरी. गंमत अशी की सहा महिन्यांच्या सवलतीचा दर त्याहून चढा, आठच्या थोडा वर आहे, कारण त्यात पैसा सरासरी अडीच महिनेच आधी जातो. जूनमध्ये सहा आणि डिसेंबरमध्ये सहा भरता आले तर तेही चालेल. पण डिसेंबरपर्यंत उरलेले पैसे खर्च होणार असतील तर बारा महिन्यांचेच भरून मोकळे व्हा.

हप्ता चुकला तर १०० मागे महिन्याला १ रुपया दंड. खातं १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर हप्ता दर महिन्याच्या १५ पर्यंत, नंतर उघडलं असेल तर महिनाअखेरपर्यंत.

पीपीएफही बघत असाल तर ५ तारीख लक्षात ठेवा. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. ६ जूनला भरलेल्या पैशांना जूनचं व्याज नाही.

माडाखाली

मधेच विचारतोय, माफ करा. आमच्याकडे व्यापारी ऑक्टोबरमध्ये १ लाख उचल देतो, व्याज नाही म्हणतो. एप्रिलमध्ये आमच्या ४०० पेट्या उचलतो, बाजारभावापेक्षा पेटीमागे ५० रुपये कमी लावून, आणि त्यातून लाख वळते करतो. ही बिनव्याजीच ना?

जमाखर्च

४०० × ५० = २०,०००. एक लाखावर सहा महिन्यांत २० टक्के. वर्षाचा दर १.२० × १.२० वजा १, म्हणजे ४४ टक्के.

किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडलं तर ४ पडतं. लाखाला सहा महिन्यांचे २,०००. सातबारा तुमच्या नावावर असेल तर जुलैतच बँकेत जा, ऑक्टोबरची वाट बघू नका. आणि उचल घ्यावीच लागली तर भाव कमी करून देण्यापेक्षा उघड व्याज द्या. २४ टक्के मागितले तरी सहा महिन्यांचे १२,००० होतात, ८,००० वाचतात. शिवाय पेट्या कुणालाही विकायला मोकळे.

कलमवाला_देवगड

वेंगुर्ला_सात ताई/दादा, आगाऊ हप्त्यांचं व्यापाऱ्याला विचारलं. दीड नाही, १,४०,००० आगाऊ देतो म्हणतोय. मी ७ टक्क्यांनी काढलं: १,४०,००० × ४.३८७२ = ६,१४,२०८. बरोबर का?

वेंगुर्ला_सात

बरोबर. ताईच. त्या आकड्याचा बरोबरीचा दरही काढून ठेवा, ८.४ च्या आसपास येईल. कर्ज धरून मांडलंत तरी एकरकमीपेक्षा थोडं वरच राहतं, आणि दरवर्षी पैसे मिळाल्याशिवाय बाग त्याच्या ताब्यात जात नाही. १,४५,००० वर आणून बघा. शेवटच्या वर्षी कल्टार नाही हे कलम मात्र सोडू नका.